माहिती देता येत नाही

बैठकीला जो हजर नसतो त्याची नेमणूक होते, हा आमच्या कॉलेजचा अलिखित नियम आहे. सायकल स्टँड, उंदीर निर्मूलन, ग्रंथालयाचं गळकं छत, या सगळ्या समित्यांचे प्रमुख त्या त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेलेले होते. मी तर इमारतीतच होतो. खाली झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद अडकला होता आणि तो काढताना माझी बाही अडकली. बाही सोडवून वर पोचलो तर टाळ्या वाजत होत्या. चारचौघांत टाळ्या वाजत असल्या की आपणही वाजवाव्यात, म्हणून मीही वाजवल्या. मग कळलं की त्या माझ्यासाठीच होत्या. मी 'विद्यार्थी माहिती संरक्षण अधिकारी' झालो होतो.

प्राचार्यांनी परिपत्रक पुन्हा एकदा वाचून दाखवलं, कुणीतरी गेल्याची बातमी सांगावी अशा आवाजात. विद्यार्थ्याचे गुण, पत्ता, फोन, आजारपण, हजेरी, यातलं काहीही त्याच्या परवानगीशिवाय कुणालाही सांगायचं नाही. आईबापांनाही नाही. चूक झाली तर कॉलेजची मान्यता जाईल.

"पण मीच का, सर?" मी विचारलं.

"तुम्ही तर्कशास्त्र शिकवता," प्राचार्य म्हणाले. "तुमच्याकडे वेळ असतो."

हे मला लागलं. माझ्या वर्गात चार विद्यार्थी आहेत हे खरं, त्यातला एक पंख्याखाली बसायला येतो हेही खरं, पण या गोष्टी भर बैठकीत सूचित करायच्या नसतात.

घरी बायकोला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता हसायला लागली. "अहो, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. माझ्या भावाचं लग्न मोडल्याचं तुम्ही इस्त्रीवाल्याला सांगितलं होतं." खालच्या मजल्यावरच्या काकांनी मात्र बातमी गांभीर्याने घेतली. काका कोर्टात टंकलेखक होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे निकाल टाइप करून त्यांना स्वतःलाच निकाल देण्याची सवय लागली आहे. जिन्यात मला अडवून ते म्हणाले, "एक वाक्य ठरवा. तेच बोला. साक्षीदाराचं वाटोळं नेहमी दुसऱ्या वाक्यात होतं." आम्ही दोघांनी तिथेच, जिन्याच्या कठड्याला टेकून, वाक्य तयार केलं. 'सदर विद्यार्थ्याची माहिती नियमानुसार गोपनीय असल्याने देता येत नाही.' काकांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि त्यात कुठेही शिरायला फट नाही असा निर्वाळा दिला. त्या वाक्याचा मला अभिमान वाटला होता, हे सांगून टाकतो.

सुरुवात मी निकालाच्या फलकापासून केली. नावं काढून फक्त क्रमांक लावले. क्रमांक वर्णानुक्रमे होते, त्यामुळे दुपारपर्यंत कोण नापास आहे हे रखवालदारालासुद्धा पाठ झालं. मग मी क्रमांक उलटेपालटे केले, तर प्राध्यापकांनाच कुणाला किती गुण दिले ते सापडेना. वर्गात नाव पुकारणं बंद केलं, तेव्हा इतिहासाच्या बाई "तू, निळा शर्ट" आणि "तू, जांभई" अशी हजेरी घेऊ लागल्या. एक आई मुलगा पास झाला का विचारायला आली. मी वाक्य म्हटलं. ती म्हणाली, "अहो, मी जन्म दिलाय त्याला." मी म्हटलं, "त्याबद्दल आमची तक्रार नाही." ती तिथेच रडायला लागली आणि हेडक्लार्क बाईंनी तिला पाणी देताना माझ्याकडे जे पाहिलं ते अजून मला आठवतं.

बँक, बसपासवाले, शिष्यवृत्तीवाले, सगळे ओरडू लागले. तेव्हा प्राचार्यांनी मधला मार्ग काढला. सगळ्यांची माहिती लपवत बसलो तर ऑफिसच बंद करावं लागेल. ज्यांना हवं आहे त्यांनी तसं येऊन सांगावं, त्यांचीच लपवू. बाकीच्यांचं पूर्वीसारखं चालू द्या. हे मला फार शहाणपणाचं वाटलं. हेडक्लार्क बाईंनी त्यासाठी एक वेगळी खिडकी रिकामी करून दिली. पूर्वी तिथे हरवलेल्या छत्र्या मिळत. ती कँटीनच्या दाराच्या अगदी समोर होती. पेंटरला मी 'जरा उठून दिसेल असं लिही' म्हटलं होतं. त्याने लाल अक्षरांत हातभर 'गोपनीय' लिहिलं.

पहिल्या दिवशी कँटीनमध्ये बसायला जागा मिळेना. मुलं चहा घेऊन खिडकीकडे तोंड करून बसली. कुणी खिडकीपाशी उभं राहिलं की टेबलांवर चर्चा सुरू व्हायची. आजार असेल. नापास असेल. घरात काहीतरी भानगड असेल. दोन मुलांनी अर्ज दिले आणि मधल्या सुट्टीत परत घेतले. आठवड्याच्या शेवटी मी प्राचार्यांना अहवाल दिला की आमच्या विद्यार्थ्यांना लपवण्यासारखं काही नाही. ते खूश झाले.

मग ती मुलगी आली. खिडकीपाशी नाही, माझ्या खोलीत. माझ्या चार विद्यार्थ्यांपैकी खरोखर तर्कशास्त्रासाठी येणारी तीच एक होती. शेवटच्या वर्षाला होती. प्रश्न विचारायची, आणि तिच्या प्रश्नांना मी पुष्कळदा "पुढच्या तासाला पाहू" असं उत्तर द्यायचो.

"सर, माझी माहिती लपवायची आहे. पण त्या खिडकीपाशी मी उभी राहणार नाही. कँटीनमधून सगळं दिसतं."

"पद्धत आहे ती," मी म्हटलं. "सगळ्यांना सारखी."

"सर, जिला लपायचंय तिने तिथे उभं राहायचं?"

प्रश्न चांगला होता. मी पुढच्या तासाला पाहू म्हणालो नाही, एवढंच. ती खुर्चीत बसली आणि खाली बघत सांगत गेली. वर्षापूर्वी ती घरातून निघून आली होती आणि आधीचं कॉलेज सोडून इथे दाखल झाली होती. वडिलांनी तिचं लग्न ठरवलं, ती नाही म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला मागच्या खोलीत कोंडलं. दार ढकलताना मनगट मोडलं. ते मनगट तिने टेबलावर ठेवलं. नीट जुळलेलं नव्हतं. आता एका म्हाताऱ्या बाईंकडे खोली घेऊन राहत होती. लांबच्या एका गावी शाळेत नोकरी कबूल झाली होती, पण पदवी हातात पडली तरच.

"परीक्षा झाली की मी जाईन, सर. तोवर मी इथे आहे हे त्यांना कळता कामा नये. बाकी काही नको मला."

"निश्चिंत राहा," मी म्हटलं. आणि तरीही तिला खिडकीपाशी उभं केलं, कारण नियम मीच केला होता आणि पहिल्याच खऱ्या अर्जाला अपवाद केला तर माझी काय किंमत राहिली असती? ती तोंडाला रुमाल बांधून उभी राहिली. त्यामुळे कँटीनचं लक्ष आणखी गेलं. दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला 'गोपनीय' म्हणू लागली. "गोपनीय आली रे," असं जिन्यात ऐकू यायचं.

वडील आले ते एका साध्या दुपारी. हेडक्लार्क बाईंनी कॉम्प्युटरवर नाव पाहिलं, नावापुढे लाल खूण दिसली, आणि त्यांनी मला हाक मारली. "सर, तुमचं गिऱ्हाईक."

राक्षस येईल अशी माझी कल्पना होती. समोर इस्त्रीच्या शर्टातले, बारीक आवाजाचे, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी घेतलेले गृहस्थ उभे होते. मी त्यांना बसायला खुर्ची दिली.

"फार काही नको, सर. माझी मुलगी इथे शिकते का, एवढंच." त्यांनी नाव सांगितलं.

मी वाक्य म्हटलं. अडखळलो नाही, चेहरा बदलला नाही, दुसरं वाक्य बोललो नाही. काका असते तर पाठ थोपटली असती.

"बरोबर आहे. नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "मग तिच्या थोरल्या बहिणीचं तेवढं बघता?" त्यांनी आणखी एक नाव सांगितलं.

बाईंनी टकटक केलं. "या नावाची कुणी नाही हो आमच्याकडे."

"नसणारच," ते म्हणाले. "मला एकच मुलगी आहे."

त्यांनी हात जोडले, पिशवी उचलली आणि खुर्ची होती तिथे नीट सरकवून ते बाहेर गेले. बाईंना काही कळलं नाही. मला कळलं. मुलगी असेल तर आम्ही 'देता येत नाही' म्हणतो, नसेल तर सरळ 'नाही'. ज्याला तर्कशास्त्राचा त देखील माहीत नाही असा माणूस तीन प्रश्नांत काढेल असा निष्कर्ष, आणि त्याला दोनच लागले. हा विषय शिकवण्यात माझे केस गेले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकासमोर रस्त्याच्या बाकावर बसलेले दिसले. डबा शेजारी ठेवलेला. तिसऱ्या दिवशीही तिथेच.

तिला मीच सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. तिने फक्त विचारलं, "सर, तुम्ही 'नाही' का नाही म्हणालात?"

"ते खोटं झालं असतं."

"हो," ती म्हणाली.

आता निस्तरणं आलं. मी ऑफिसात हुकूम सोडला की यापुढे प्रत्येकाला, असलेल्या-नसलेल्या प्रत्येकाला, तेच वाक्य ऐकवायचं. त्याच दुपारी दवाखान्यातून फोन आला. आमचा एक मुलगा स्कूटरवरून पडला होता, रक्तगट हवा होता. बाईंनी वाक्य म्हटलं. मुलगा वाचला. त्याच्या मामाने ऑफिसात येऊन माझी कॉलर धरली, आणि खोटं कशाला बोलू, मला ती धरलेली बरी वाटली.

पोलीस चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी वही पुढे ओढली. "मुलीचं नाव?"

"गोपनीय आहे."

"बापाचं?"

"त्यावरून मुलीचं कळेल."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मास्तर, मग मी संरक्षण कुणाला देऊ? तुम्हाला?" ते पुढे म्हणाले की बाप सरकारी रस्त्यावर सरकारी बाकावर बसलाय, डबा खातोय, त्यात गुन्हा दिसत नाही. मुलगी सज्ञान असेल तर तिने स्वतः येऊन लिहून द्यावं. तिला सांगितलं तर तिने नकारार्थी मान हलवली. "पोलीस त्यांनाच बोलावून घेतात आणि समोरासमोर बसवतात. बाप आहे, माफ कर म्हणतात. एकदा बसवलंय मला." ते माफ करणं कुठल्या खोलीत संपलं ते मी विचारलं नाही.

मग तिचं परीक्षा केंद्र बदलून मागायचं ठरवलं. अर्जात 'कारण' अशी जागा होती. मी 'गोपनीय' लिहिलं. विद्यापीठाने 'कारण स्पष्ट करावे' असा शेरा मारून परत पाठवला. मी सगळं स्पष्ट लिहिलं. त्यावर प्राचार्य सही करेनात, कारण त्यात विद्यार्थिनीची खाजगी माहिती होती आणि ती बाहेर पाठवणं नियमाविरुद्ध होतं. "तुमच्याच नियमाविरुद्ध," ते म्हणाले. खालच्या काकांनी पाकिटात पाकीट घालून लाख लावायचा सल्ला दिला. लाख कुठे मिळते हे शोधण्यात आणखी एक दिवस गेला. शेवटी प्राचार्यांनी डोळे मिटून सही केली, अक्षरशः मिटून, त्यामुळे ती चुकीच्या जागी झाली. विद्यापीठाचं उत्तर यायचं होतं, ते परीक्षा उरकल्यावर आलं. मंजुरी होती.

परीक्षेला तिला मागच्या दाराने आणायचं ठरलं. कँटीनला भाजी घेऊन येणारा टेंपो प्रयोगशाळेच्या मागे थांबतो. त्याच्यात कांद्याच्या पोत्यांमागे बसून ती यायची, आणि हेडक्लार्क बाई तिला हाताला धरून उतरवून घ्यायच्या. पेपर लिहिताना तिच्या अंगाला कांद्याचा वास यायचा. तेवढ्या वेळात वडिलांचं लक्ष फाटकापाशीच राहावं म्हणून मी बायकोला बाकावर जाऊन बसायला सांगितलं. ती आधी तयार नव्हती. मग गेली. घरी आल्या आल्या मी विचारलं,

"काय बोलला तो?"

"मुलीचे लहानपणीचे फोटो दाखवले. डब्यातलं खायला दिलं. तिच्या आवडीचं रोज करून आणतो म्हणे." तिने पदराने चष्मा पुसला. "चांगला माणूस वाटतो हो. मला त्याचीच भीती वाटली. मनगटाचं विचारलं मी, ओघात. म्हणाला, लागतं कधीकधी मुलांना."

एकेक करत पेपर झाले. शेवटचा तेवढा राहिला, तर्कशास्त्राचा. त्याच्या आदल्या पेपरला ती मागच्या दाराने बाहेर पडली तर बाक सोडून वडील तिथे उभे होते. त्यांनी कुणाला लाच दिली नव्हती, पाळत ठेवली नव्हती. कँटीनमध्ये चहा घेता घेता मुलांना विचारलं होतं, त्या लाल अक्षरांच्या खिडकीत अर्ज दिलेली एक मुलगी आहे ना? आणि मुलांनी, वाईट हेतूने नव्हे, वडीलधाऱ्या माणसाला मदत म्हणून सांगितलं होतं, "गोपनीय होय? ती मागच्या दाराने जाते, काका."

"जेवलीस का?" त्यांनी तिला विचारलं म्हणे. बस्स, तेवढंच. डबा पुढे केला. ती मागे फिरली, प्रयोगशाळेतून, व्हरांड्यातून पळाली, आणि फाटक त्या क्षणी मोकळं होतं म्हणून फाटकातून निघून गेली. हे मला हेडक्लार्क बाईंनी सांगितलं.

तर्कशास्त्राच्या पेपरला पर्यवेक्षक मीच होतो. तिच्या बाकावर मी उत्तरपत्रिका ठेवली, पेन लागलं तर असावं म्हणून माझं पेनही ठेवलं. पहिली घंटा झाली. अर्ध्या तासानंतर कुणाला आत घेता येत नाही, मी दार उघडंच ठेवलं. पंख्याखाली बसायला येणारा मुलगासुद्धा मधून मधून दाराकडे बघत होता. शेवटी उत्तरपत्रिका कोरी उचलली आणि गठ्ठ्यात बांधली.

बाहेर आलो तर वडील पुन्हा बाकावर. मला इतका आनंद झाला की मी रस्ता ओलांडून जवळ गेलो. ते बसलेत म्हणजे ती सापडलेली नाही. एवढं तर्कशास्त्र मला नक्की येत होतं.

त्या दिवसापासून रोज सकाळी वळणावर आलो की आधी बाक बघायचो. ते दिसले की जिवात जीव यायचा. एकदा त्यांना यायला उशीर झाला तर मी पहिला तास सोडून फाटकात उभा राहिलो, आणि ते आले तेव्हा, "आज उशीर केलात?" असं आपुलकीने विचारलं. त्यांनाही बरं वाटलं असावं. उन्हात बसतात म्हणून मी पाण्याची बाटली नेऊन देऊ लागलो. बायको म्हणाली, तुम्हाला वेड लागलंय. बाटली भरून मात्र तीच द्यायची.

मधेच तपासणी समिती आली. त्यांनी लाल अक्षरांची खिडकी पाहिली आणि हरखून गेले. कुठल्याच कॉलेजने इतकी स्पष्ट व्यवस्था केलेली नव्हती. किती तक्रारी आल्या, त्यांनी विचारलं. एकही नाही, प्राचार्य म्हणाले, आणि ते खरं होतं. आमची खिडकी आदर्श म्हणून इतर कॉलेजांना दाखवायचं ठरलं. समारंभात मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि मला एकच वाक्य आठवेना की बाकीची सगळी आठवेनात, ते सांगता येत नाही. "आभारी आहे" म्हणून बसलो. लोकांना तो विनय वाटला.

आणि एका सोमवारी बाक रिकामा होता.

मी फाटकात थांबलो. मधल्या सुट्टीत पुन्हा गेलो. मंगळवारीही तिथे कुणी नव्हतं. पानाच्या टपरीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "डबेवाले काका? शुक्रवारी फोन आला त्यांना. उठले नि गेले." कुणाचा फोन? काय म्हणाले? चेहरा कसा होता? टपरीवाल्याने खांदे उडवले.

तिच्या घरमालकीणबाईंचा नंबर ऑफिसात होता, पण तो मीच गोपनीय करून ठेवला होता. बघायचा तर संरक्षण अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागत होती. मी माझ्या नावे अर्ज लिहिला, माझ्याच टेबलावर ठेवला, आणि खुर्चीत बसून मंजूर केला. हेडक्लार्क बाई हसल्या नाहीत. त्यांनी नंबर काढून दिला आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

फोन पुष्कळ वेळ वाजला. मग एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. मी कॉलेजचं नाव सांगितलं, माझं सांगितलं, तिचं सांगितलं.

"अशी कुणी मुलगी इथे राहत नाही."

"खोली सोडली का तिने?"

"सोडायला आधी राहावं लागतं. कधीच नव्हती. चुकीचा नंबर लागलाय तुम्हाला."

"बाई, मी तिचा शिक्षक आहे. पत्ता नको मला. ती बरी आहे एवढंच सांगा."

"जी नाहीच ती बरी आहे का ते मी कसं सांगू?" त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मला एकदम हलकं वाटलं. असं सांगायचं असतं, मला वाटलं, अगदी असं, आवाज न हलवता. म्हणजे ती तिथेच असणार. आतल्या खोलीत बसून ऐकत असणार. मी हेडक्लार्क बाईंकडे वळून हसलोसुद्धा. मग लक्षात आलं की ती शुक्रवारीच बापाबरोबर गेली असती, तरी घरमालकीणबाईंनी मला हेच सांगितलं असतं. पदवीशिवायच पोचली असती नोकरीच्या गावाला, तरी हेच. मी ते उत्तर सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं, मला शिकवता येतात तेवढे सगळे नियम लावून पाहिले. त्यातून काहीही निघत नव्हतं.

"काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही म्हणाल्या."